इंगोलेबाई आणि दोन सीटांची गाडी

इंगोलेबाईंनी मढ्याला मार्क दिले तेव्हा मी त्यांच्या शेजारीच उभा होतो.

आमच्या गल्लीतले एक म्हातारे वकील वारले होते. अंगणात माणसं जमलेली, आत बायकांचं रडणं चाललेलं. बाई गर्दीतून पुढे झाल्या, चष्मा नाकावर नीट बसवला, मान तिरपी करून वकिलांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मागे येऊन माझ्या कानाशी म्हणाल्या, "चेहरा शांत आहे. पन हाताची ठेवण जमली नाई. दहापैकी सात."

बाईंचा कानातला आवाज म्हणजे वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. वकिलांच्या थोरल्या मुलाने वळून पाहिलं. मी घाईघाईने मोठ्याने "राम राम" म्हणालो, बाईही तेच म्हणाल्या असाव्यात असं भासवून.

मी मूळचा अमरावतीचा, गणिताचा मास्तर. सहा वर्षांपूर्वी बदली होऊन अकोल्याला आलो आणि जठारपेठेत बाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायला लागलो. खाली बाई एकट्या. वय सत्तर. लग्न केलं नाही. तेहेतीस वर्षं मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली. शाळेत त्या म्हणे शुद्ध पुस्तकी बोलत. "थे भाषा रिटायर झाली त्या दिवशी तिथंच ठेवून आली," असं त्या सांगत. मार्क देणं मात्र घरी घेऊन आल्या. अकोल्यातल्या निम्म्या बायका त्यांच्या हाताखालून गेलेल्या. एकदा एक बड्या हुद्द्यावरची अधिकारीण घरी पाया पडायला आली, तर बाईंनी तिला विचारलं, "काय वं, तुही सावली अजून उजेडाच्याच बाजूनं पडते काय?" ती बिचारी हुद्दा विसरून जीभ चावत उभी राहिली.

माझ्या बायकोच्या, शुभांगीच्या पोळीला दहापैकी पाच. संध्याकाळच्या आभाळाला एकदा साडेआठ, पण दुसऱ्या दिवशी, "आज घाई केली," म्हणून चार. माझ्या सगळ्या शर्टांना मिळून तीन. आम्हाला सवय झाली होती. त्या मार्क देतात तोवर सगळं ठीक आहे, असं आम्ही समजत होतो.

गेल्या वर्षी मार्चमध्ये एक ट्रॅक्टर आमच्या दारात येऊन थांबला. मागच्या ट्रॉलीत ताडपत्री बांधलेलं काहीतरी होतं. ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर, ड्रायव्हरच्या बाजूला, इंगोलेबाई बसल्या होत्या. मांडीवर पर्स, डोक्यावर पदर, तोंडावर तेल्हाऱ्यापासूनची सगळी धूळ.

"राऊत, खाली या. पाच-सहा मानसं घेऊन या."

ताडपत्री काढली तेव्हा सगळी गल्ली बघायला आली. ती मोटार होती. जमिनीला टेकेल इतकी बुटकी, दोनच सीटांची, लांब नाकाची. छत कापडाचं असावं. आता नुसत्या सळया उरल्या होत्या. चाकांना सायकलसारख्या तारा. शर्यतीतल्या मोटारी असतात तशी, विलायती. तेल्हाऱ्याकडच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये ती पन्नास वर्षं पडून होती. शेड पाडायला काढली, मालकाचे नातू सगळं भंगार हलवत होते. बाईंना कुठून तरी कळलं. त्या गेल्या आणि घेऊन आल्या.

"बाई, तुम्हाला गाडी चालवता येते?" शुभांगीने विचारलं.

"नाई."

"मग?"

"रंगवता येते," बाई म्हणाल्या आणि मोटारीच्या नाकावरून हात फिरवला. तिला मात्र त्यांनी मार्क दिले नाहीत. हे त्या वेळीच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून अंगणातल्या निंबाखाली काम सुरू झालं. बाईंनी साडीवरून त्यांच्या वडिलांचा जुना खाकी शर्ट चढवला, तोंडाला फडकं बांधलं आणि पॉलिशपेपर घेऊन स्टुलावर बसल्या. सकाळी सात ते अकरा, दुपारी दोन ते पाच. शाळेचं वेळापत्रकच. सीटखालून उंदराची घरटी निघाली, गांधीलमाशांची पोळी निघाली, सापाची एक अखंड कात निघाली. कात त्यांनी वहीत चिकटवून ठेवली. "रेषा पाहा हिची," म्हणाल्या.

इंजिनासाठी अमरावतीहून सलीमभाई येत. जुन्या जीपगाड्या जिवंत करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. मेंदीने रंगवलेली दाढी, कमी बोलणं. रंगाचं कामही तेच करतात, पण बाईंनी त्यांना रंगाला हात लावू दिला नाही. त्यांनी आणलेलं शेडकार्ड उघडून बाईंनी पानागणिक शेरे मारले. "हे गाजर. हे पडजीभ. हा तं रंगच नाई, हे औषध आहे."

"मग मॅडम, आपको चाहिये कौनसा?"

बाईंनी निंबाच्या शेंड्याकडे बोट दाखवलं. चैत्राची नवी पालवी फुटली होती, तांबूस, तुकतुकीत. "हा. हिरवा होन्याआधीचा. आठ दिवसच राह्यते झाडावर."

मग त्यांनी तो घरी जमवायला घेतला. स्वयंपाकघरातल्या वाट्या, पळ्या, शेवटी मिक्सरचं भांडंसुद्धा रंगात गेलं. महिनाभर बाई आमच्याकडे ताक पीत होत्या, कारण त्यांच्या रवीला थिनरचा वास येत होता. इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं.

मे महिन्यात हॉर्न वाजला.

अकोल्याच्या मे महिन्यातल्या दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. दारं-खिडक्या लावलेल्या, कूलरची घरघर, बाकी सगळं मेल्यासारखं. अशा दुपारी मी पेपर तपासत होतो आणि खालून हॉर्न आला. दोन आखूड, एक लांब. घोगरा, जुन्या पद्धतीचा. कुणीतरी कुणाला बाहेर बोलवावं तसा.

मी खाली गेलो. बाई मोटारीपासून चार हात लांब स्टुलावर बसल्या होत्या. हातातला पॉलिशपेपर मांडीवर. त्या मोटारीकडे बघत होत्या.

"बाई, हॉर्न वाजला का?"

"वाजला ना."

मी पुढचं झाकण उचललं. बॅटरीची जागा रिकामी होती. तिथे निंबाची वाळकी पानं साचली होती.

"यात बॅटरीच नाही, बाई."

"नाई."

"मग वाजला कसा?"

"गनिताचे मास्तर तुमी आहा. सोडवा."

मी घड्याळात पाहिलं. तीन वाजले होते.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता तो पुन्हा वाजला. तिसऱ्या दिवशीही. मी शुभांगीला उन्हाने पत्रा कसा प्रसरण पावतो, तारा कशा चिकटतात, हे कागदावर समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि वीज कुठून येते?" त्या दिवसापासून तिने अंगणात वाळत घातलेले कपडे अडीचलाच काढायला सुरुवात केली. समोरचे काका भांडायला आले, तेव्हा बाई त्यांना म्हणाल्या, "तुमच्या घोरन्यापेक्षा सुरात आहे. झोपा." काका गेले, पण जाताना मोटारीला वळसा घालून गेले.

जूनच्या सुरुवातीला, पाऊस यायच्या आधी, रंग लावायचं ठरलं. मोटार पार पत्र्यापर्यंत घासून झाली होती. पुट्टी, प्रायमर, पुन्हा घासणं. सलीमभाईंनी कॉम्प्रेसर आणला. बाईंनी स्प्रेची बंदूक हातात घेतली आणि सत्तर वर्षांच्या बाईचा हात जराही हलला नाही. संध्याकाळी आम्ही सगळे बघत उभे होतो. अंगणात एखादं मोठं, नुकतं उमललेलं पान पडून असावं, तशी ती मोटार दिसत होती.

सकाळी डाव्या दारावर, हँडलच्या वर, रंग फाटला होता. साधारण तळहाताएवढ्या जागेत. बारीक बारीक खड्डे पडून खालचा पत्रा उघडा.

"तेल मुरलंय पत्र्यात," सलीमभाई म्हणाले. "ऐसा होता है. किसी का तेलवाला हाथ लगा होगा." त्यांनी ती जागा घासली, थिनरने तीनदा पुसली, बाईंनी पुन्हा रंग दिला. दुसऱ्या सकाळी तेच. या वेळी कडा अधिक स्पष्ट होत्या. तळहाताएवढी नव्हे, तळहाताचीच ती जागा होती. बोटं वेगवेगळी दिसत होती.

सलीमभाईंनी त्या दाराचा पत्रा रंग जाळायच्या दिव्याने तापवला, घासून आरशासारखा केला, स्वतःच्या हाताने प्रायमर मारला. वर बाईंनी रंग दिला. तो सुकल्यावर आम्ही त्यावर स्वच्छ चादर टाकली. अंगणाचं फाटक मी कुलूप लावून बंद केलं.

तिसऱ्या सकाळी मी पट्टी घेऊन गेलो. माझा स्वभावच तसा. भीती वाटली की मी मोजतो. हात माझ्या हातापेक्षा मोठा होता, पुरुषाचा. आणि त्याचं करंगळीच्या शेजारचं बोट आखूड होतं. पेरभर कमी.

सलीमभाईंनी ते पाहिलं. त्यांनी नळावर जाऊन हात धुतले, पाइप गुंडाळला. "मॅडम, इंजिन के वास्ते बुलाओगे तो आऊंगा. रंग के वास्ते नहीं."

ते गेल्यावर बाई दारापाशी बसल्या. माझ्या हातातली पट्टी काढून घेतली.

"मोजू नका, राऊत. तो माह्या दादाचा हात आहे."

मी तिथेच ओट्यावर बसलो. बाई दाराकडे बघत बोलल्या, वर्गात फळ्याकडे तोंड करून बोलावं तसं.

त्यांचा थोरला भाऊ पुरुषोत्तम त्याच जिनिंगमध्ये कामाला होता. आधी यंत्रावर. तिथे बोटाचं पेर गेलं, मग मालकाने त्याला या मोटारीवर ड्रायव्हर म्हणून घेतलं. मालकाला रंग बदलायचा होता, तर दादाने निंबाचं नवं पान बहिणीपुढे धरलं होतं, "हा जमवून दे." सतरा वर्षांच्या बहिणीने आपल्या रंगपेटीत तो जमवून दिला होता. चित्रकलेच्या परीक्षेचं केंद्र अकोल्याला होतं. परीक्षेच्या दिवशी सकाळी बाई रंगपेटी घरी विसरल्या, ती घ्यायला परत फिरल्या आणि मोटरस्टँडवर पोचेपर्यंत बस निघून गेली होती.

"मी रडत बसली. दादानं मालकाले न विचारता ही गाडी काढली. म्हने, बस. पेपर नाई बुडू देत तुहा."

अकरा वाजता ते शाळेच्या फाटकापाशी पोचले. डावीकडची कडी घट्ट होती. दादा फिरून आला, तेलकट हात दारावर टेकवला आणि दुसऱ्या हाताने दार ओढून उघडलं. फाटकापाशी अकोल्याच्या मुली उभ्या होत्या, इस्त्रीच्या कपड्यातल्या. एकीने विचारलं, हा कोण गं?

बाईंनी माझी पट्टी खाली ठेवली.

"मी म्हटलं, ड्रायव्हर आहे."

"दादांनी ऐकलं?"

"ऐकलं ना. तरी बी म्हने, मी थांबतो, तीन वाजता पेपर सुटला का संग जाऊ. मी म्हटलं, नको, तुमी जा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "राऊत, आमच्यात भावाले कोनी तुमी म्हनते काय? त्या पोरी उभ्या होत्या म्हनून म्हटलं. ड्रायव्हरले म्हनते तसं."

तीन वाजता त्या बाहेर आल्या, तर फाटकापाशी कोणी नव्हतं. मोटार सापडली तेल्हाऱ्याच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला एका बाभळीखाली. इंजिन चालू. आत माणूस नाही. पोलिसांनी आजूबाजूच्या विहिरी पाहिल्या. कुणी सांगितलं ट्रकवर बसून गेला, म्हणून वडील सुरतपर्यंत जाऊन आले. काही नाही. मालकाने मोटार शेडमध्ये ढकलली ती पुन्हा बाहेर काढलीच नाही. बाई परीक्षेत पहिल्या आल्या, नोकरी लागली, घर झालं.

"आता मले सांगा, त्या हातावर मी कायले रंग मारत बसू?"

बाकीच्या मोटारीवर त्यांनी शेवटचा हात दिला. डाव्या दारावरची तेवढी जागा सोडून.

पावसाळाभर सलीमभाई सांगितल्याप्रमाणे येत राहिले, इंजिनाकडेच बघत, दाराकडे न बघता. दिवाळीआधी एके दिवशी बाई वर आल्या. "राऊत, उद्या गाडी चालवा. तेल्हाऱ्याच्या रस्त्यानं जाऊ." उद्याच का, ते मी विचारलं नाही. परीक्षेची तारीख त्यांनी कधी सांगितली नव्हती, पण एवढं गणित मलाही येतं. शुभांगीने जाऊ नका म्हणून पाहिलं, मग डबा भरून दिला.

अशी मोटार मी उभ्या जन्मात चालवली नव्हती. बूड जवळजवळ रस्त्याला टेकलेलं, समोर ते लांब नाक. शहर सुटलं तसा बाईंनी डोक्यावरचा पदर कानामागे खोचला. दोन्ही बाजूंना कपाशी, पहिली बोंडं नुकतीच फुटलेली. लांब उत्तरेला सातपुडा. मोटारसायकलवाले मागे वळून बघत होते. दोनदा मला वाटलं की गिअर टाकताना माझ्या हाताच्या आधी दांडा हलतो आहे. मी ते मनावर घेतलं नाही, म्हणजे घ्यायचं नाही असं ठरवलं.

"थांबवा," बाई म्हणाल्या.

रस्त्याच्या कडेला जुनी, वाकडी बाभूळ होती. तिच्या अलीकडे थोड्या अंतरावर एक म्हातारी माळीण पोत्यावर वांगी-मेथी मांडून बसली होती. मागे तिचा मळा. मोटार थांबली तशी ती डोळ्यांवर हात धरून उठली आणि जवळ आली. आधी मोटारीकडे, मग आमच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं, पण ते मोटारीचं नव्हतं.

"बाप्पा! ह्या खेपेले आत मानसं आहेत!"

"या खेपेला म्हणजे? तुम्ही ही गाडी आधी पाहिली आहे?"

"दर साली पाहतो ना मी. लगन होऊन इथं आली तवापासून. बोंडं फुटाले लागले का येते. त्या बाभयीखाली उभी राह्यते. पह्यले वाटे कोन्या सायबाची असन. जवळ गेलं का नसते."

"कधी येते?" बाईंनी विचारलं. आवाज अगदी शांत.

"उनं कलाच्या आधी. आताच. तीनेक वाजता."

"आत कोन राह्यते?"

"कोनी नाई, माय. रिकामीच. पन इकडचं दार उघडं राह्यते," म्हातारीने बाईंच्या बाजूच्या दाराकडे बोट केलं. "कोनाले बसवाले उभी असल्यासारखी."

मला मोटार वळवून सरळ अकोला गाठायचं होतं. बाईंनी पर्स मांडीवरून काढून पायाशी ठेवली. "राऊत, तुमी जरा उतरता काय? गाडी त्या बाभयीखाली लावा आन उतरा. मी हाक मारतो तवा या."

मी मोटार बाभळीखाली नेली, बंद केली आणि उतरलो. म्हातारीच्या पोत्यापाशी जाऊन उभा राहिलो. तिथून मोटार नीट दिसत होती. बाईंनी आपल्या बाजूचं दार उघडलं आणि पूर्ण उघडं ठेवलं. पाच मिनिटं तरी तसंच. वारा नव्हता. कपाशीत कुठे पाखरू नव्हतं. मग त्यांनी हात लांब करून ते दार स्वतःच ओढून लावलं, पदर नीट केला आणि रिकाम्या स्टेअरिंगच्या बाजूला तोंड करून बसल्या.

आणि बोलायला लागल्या. भरभर, शाळेतून घरी आलेल्या मुलीसारखं. सगळं ऐकू येत नव्हतं. "...अरे, वस्तुचित्रात तांब्या होता अन् दोन संत्री... पानी कमी पडलं, बाजूच्या पोरीनं देल्लं..." मग आवाज खाली गेला, पुन्हा वर आला. "...आठवनीतल्या चित्राले काय आलं सांगू? सायकल दुरुस्तीचं दुकान! मी मिस्तरी तुह्यासारखा काढला. बोट बी आखूड काढलं. म्हटलं, तपासनाऱ्याले समजो नाई तं नाई..."

त्या थांबल्या. ऐकणाऱ्या माणसासारखी मान हलवत राहिल्या, बराच वेळ. मग एकदम खुदकन हसल्या. इतक्या वर्षांत बाईंचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं.

"कोनाशी बोलून राहिल्या त्या?" म्हातारीने मला विचारलं.

"भावाशी," मी म्हणालो.

म्हातारीने मोटारीकडे पाहिलं. मला वाटलं ती घाबरेल, उठून मळ्याकडे पळेल. तिने पोत्याची एक बाजू झटकली, माझ्यासाठी जागा केली.

"बसा मंग तुमी," ती म्हणाली. "लय दिवसाचं असन त्याहिचं. येळ लागन."